खाज, लाज आणि साबण



आज या व्याख्यानाला भगिनी मोठ्या संख्येनं आल्यात याचा मला विशेष आनंद आहे. विषय पुरुषांचा असला तरी पुरुषाला माझ्यासारख्या त्वचारोगाच्या डॉक्टरकडे ओढत आणणारी व्यक्ती बहुतेक वेळा त्याची बायको असते, नाहीतर आई. पत्रिकेवर आपण वाचलं असेल, 'पुरुषांचे आरोग्य : काही विचार'. मी संयोजकांना दिलेला विषय होता 'जांघेतली खाज'. छापखान्यात पोचेपर्यंत तो सभ्य झाला. माझी तक्रार नाही. मात्र आज मी जांघ म्हणणार आहे, लिंग म्हणणार आहे, वृषण म्हणणार आहे. पहिली पाच-दहा मिनिटं अवघडल्यासारखं होईल. मग होत नाही, असा अनुभव आहे.

मला सांगायचंय ते थोडक्यात असं: या अवयवांची काळजी न घेतल्यामुळे जेवढं बिघडतं, त्याहून अधिक बिघडतं ते चोरून, घाईनं आणि अघोरी काळजी घेतल्यामुळे. अस्वच्छतेनं नुकसान होतंच. पण माझ्या खोलीत जे येतात त्यांतले निम्मेअधिक अस्वच्छ नसतात हो! घासून घासून, जाळून जाळून, नको ते चोपडून आलेले असतात.

आधी आपल्या सोलापूरकडे बघू. मे महिन्यात आपला पारा चव्वेचाळिसाला टेकतो. पूर्व भागात यंत्रमागाच्या शेडमध्ये माणूस बारा-बारा तास उभा असतो. वर पत्रा, खाली घामानं चिकटलेली पँट. रिक्षावाला रेक्झिनच्या सीटवर बसलेला. हॉटेलातला भट्टीवरचा पोरगा, बंदोबस्तावरचा पोलीस, जाड जीन्स घालून दिवसभर मोटारसायकल हाणणारा डिलिव्हरीवाला. या सगळ्यांच्या जांघेत एकच गोष्ट चाललेली असते. दोन कातड्या एकमेकींना चिकटतात, घाम वाळत नाही, चालताना घासतं. सुरुवातीला नुसतं लाल होतं, आग होते. रुग्ण म्हणतो, "डॉक्टर, उष्णता झालीय." घरी सब्जा भिजतो, धन्या-जिऱ्याचं पाणी होतं. प्यायला माझी काही हरकत नाही, उन्हाळ्यात चांगलंच आहे. पण जांघेतली आग पोटातून आलेली नसते, घामातून आणि घासण्यातून आलेली असते. ती जागा धुऊन, टिपून, कोरडी ठेवली आणि पँट बदलली की बरेचदा चार दिवसांत शांत होते.

शांत नाही झाली, तर त्या ओलाव्यात बुरशी शिरते. हेच आपलं गजकर्ण, कुणी नायटा म्हणतं. कड लाल, किंचित उचललेली, खवलेदार. मध्यभाग त्या मानानं निवळलेला. आणि कड रोज थोडी पुढे सरकते. मांडीवर उतरते, ढुंगणावर जाते, कमरेच्या नाडीखाली पट्टा होतो. वृषणाची पिशवी मात्र ती सहसा सोडून देते. म्हणजे फक्त पिशवीच लाल असेल, चुरचुरत असेल, तर ते बहुधा गजकर्ण नाही. कशाचा तरी दाह आहे, आणि तो 'कशाचा तरी' बहुतेक वेळा रुग्णाच्याच कपाटात असतो.

का ते सांगतो. शरीरभर कातडी सारखी नाही. तळपायाची जाड, पापणीची पातळ, आणि वृषणाची तर फारच पातळ. १९६७ साली अमेरिकेत फेल्डमन आणि मायबाख या दोन संशोधकांनी एक साधं मोजमाप केलं. हायड्रोकॉर्टिझोन नावाचं औषध अंगावर वेगवेगळ्या ठिकाणी लावायचं आणि किती आत मुरतं ते पाहायचं. मनगट ते कोपर या भागाच्या तुलनेत वृषणाच्या कातडीतून किती मुरलं असेल? दुप्पट? दसपट? बेचाळीस पट! हा आकडा लक्षात ठेवा. हातावर चालतं ते तिथे चालेलच असं नाही, हे त्यातून आपोआप कळतं. हाताला न झोंबणारं लोशन तिथे कातडी सोलून काढतं. केस काढायचं क्रीम पायाला ठीक, तिथे भाजल्यासारखं होतं. लिंबू, मीठ, ठेचलेला लसूण, बाटलीतलं जंतुनाशक पातळ न करता तसंच ओतणं, हे सगळे प्रकार मी पाहिलेत. लसणानं तर अक्षरशः फोड येतात.

आता ट्यूबकडे येतो. आजचा माझा खरा राग तिच्यावर आहे.

दृश्य तुमच्या ओळखीचं आहे. मेडिकलच्या दुकानात चार गिऱ्हाइकं उभी. आपला माणूस बाजूला उभा राहतो, गर्दी हटू देतो, मग हळूच म्हणतो, "ते खाजेचं द्या." कुठं खाज, किती दिवस, हे ना तो सांगतो, ना पलीकडचा विचारतो. एक ट्यूब पुढे सरकते. तीत तीन औषधं एकत्र: एक बुरशीवर, एक जंतूंवर, आणि तिसरं क्लोबेटासॉलसारखं जबरदस्त स्टेरॉइड. पहिल्या रात्रीच खाज थांबते. सकाळी लाली उतरते. माणूस खूश! दुसऱ्याला नाव सांगतो, घरी भावाला देतो.

आत काय झालं? खाज आणि लाली ही शरीराची बुरशीशी चाललेली मारामारी होती. स्टेरॉइडनं शरीराला गप्प बसवलं. बुरशी तशीच राहिली, आता तिला अडवायला कुणी नाही. ट्यूब थांबवली की दुप्पट उसळते, म्हणून पुन्हा ट्यूब. काही महिन्यांनी गजकर्णाची ती ओळखीची गोल कडही पुसट होते, डॉक्टरलाही पटकन ओळखू येत नाही. जांघेत गरोदर बाईच्या पोटावर असतात तशा भेगा पडतात, आणि त्या जन्मभर राहतात. वृषणाची कातडी कागदासारखी पातळ, लालभडक, वारा लागला तरी जळजळ. मग तो माणूस ट्यूब सोडूच शकत नाही, कारण सोडली की आग. दारूच्या गुत्त्यावर निदान चार लोक अडवतात. या व्यसनाला कुणी अडवत नाही.

सरकारनं काही केलंच नाही असं नाही. पूर्वी बाहेरून लावायची स्टेरॉइडं डॉक्टरच्या चिठ्ठीच्या नियमातून सुटत होती. मार्च २०१८ मध्ये अशी १४ स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं ठरलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली, तीत अशी काही मलमंही होती. नियम कागदावर आहे. काउंटरवर काय होतं, ते आपण सगळे जाणतो. या सभागृहात औषधविक्रेते बसले असतील तर त्यांनी मान खाली घालू नये, उद्यापासून फक्त एक प्रश्न विचारावा: "कुठं लावणार?"

या ट्यूबची आणखी एक किंमत देशानं मोजली. २०२० साली जपानमधल्या संशोधकांनी भारत आणि नेपाळमधून गेलेल्या रुग्णांच्या अंगावरची एक बुरशी वेगळी म्हणून नोंदवली आणि तिचं नाव ठेवलं ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए. आपल्या देशाचं नाव! अभिमान बाळगावा असा हा सन्मान नव्हे. गजकर्णावरचं हुकमी समजलं जाणारं टर्बिनाफिन हे औषध या बुरशीपुढे अनेकदा हात टेकतं. पूर्वी दोन-तीन आठवड्यांत आटोपणारा आजार आता काही महिने गोळ्या घ्यायला लावतो. आणि आपला माणूस पाचव्या दिवशी बरं वाटलं की गोळ्या बंद करतो.

त्यात टॉवेल. सोलापूरचा टेरी टॉवेल म्हणजे आपलं भूषण, भौगोलिक मानांकन मिळालेला, परदेशी जाणारा. आणि या टॉवेलच्या गावात कितीतरी घरांत एकाच टॉवेलनं बाप अंग पुसतो, त्यानंच मुलगा, त्यानंच सून! तो दोरीवर दारामागे ओलाच लटकलेला. गजकर्ण घरभर फिरतं ते असं. माणशी एक टॉवेल, उन्हात वाळलेला. चड्डी सुती, सैल, रोज धुतलेली आणि पूर्ण वाळलेली. पावसाळ्यात अर्धवट ओली चड्डी अंगावर वाळवायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे, ती सोडावी. घरात दोघांना खाज असेल तर उपचार दोघांचे एकाच वेळी. रात्री खाज वाढते आणि लिंगावर, वृषणावर बारीक गाठी आल्यात, बोटांच्या बेचक्यातही खाजतंय, असं असेल तर ती खरूज समजावी. तिथे घरातल्या सगळ्यांनाच औषध लावावं लागतं, ज्यांना खाज नाही त्यांनासुद्धा.

आता साबण. लिंगाच्या टोकावरच्या कातडीखाली पांढुरका थर जमतो. कातडीच्या झडलेल्या पेशी आणि तेलकट स्राव, यापलीकडे त्यात काही नाही. कातडी मागे घेऊन साध्या पाण्यानं, बोटांनी धुतलं की तो जातो. कातडी पुन्हा पुढे आणायची, विसरायचं नाही. मागेच राहिली तर टोक सुजतं आणि रात्री दवाखान्यात धावावं लागतं. दिवसातून एकदा धुणं पुरे. पण होतं काय? एखाद्या तरुणाला कुणी सांगितलेलं असतं की तिथे घाण असते. किंवा त्याच्या हातून काही घडलेलं असतं आणि मनात धास्ती बसलेली असते. तो दिवसातून चार वेळा साबणानं धुतो, वर जंतुनाशक. आपल्या अंघोळीच्या वडीचा सामू नऊ-दहाच्या घरात, कातडीचा पाचाच्या आसपास. आतली ती नाजूक त्वचा कोरडी पडते, चिरते, लाल होते. लाल झाली म्हणून तो आणखी धुतो! १९९३ साली इंग्लंडमध्ये असा दाह वारंवार होणाऱ्या पुरुषांचा अभ्यास झाला. त्यांतल्या बहुतेकांच्या मुळाशी जंतू नव्हताच, साबणानं आणि अतिधुण्यानं झालेला दाह होता. साबण बंद करून साधं मऊ मलम लावल्यावर जवळजवळ सगळे सुधारले. वैद्यकात इतका स्वस्त उपाय फार क्वचित सापडतो.

मधुमेहाचं मात्र वेगळं. मध्यमवयीन माणसाच्या लिंगाच्या टोकावर पुन्हा पुन्हा लाली, पांढरा चिकट थर, कातडीच्या कडेला उभ्या चिरा. कातडी पूर्वी मागे जायची, आता जात नाही. अशा माणसाला मी मलम लिहून देतो, पण त्याआधी साखर तपासायला पाठवतो. कित्येकांना आपल्याला मधुमेह आहे हे असंच कळतं. ज्यांना तो आहे हे ठाऊक आहे, त्यांच्यासाठी एक नवी गोष्ट. डापाग्लिफ्लोझिन आणि त्याच्या जातीच्या गोळ्या लघवीतून साखर बाहेर काढतात. २०२० नंतर त्या आपल्याकडे स्वस्त झाल्या, म्हणून खूप लोक घेतात. गोळी चांगली आहे, हृदयाला आणि मूत्रपिंडाला उपयोगी आहे. पण लघवीत साखर गेली की तिथे बुरशीला जेवण मिळतं. गोळी आपल्या मनानं बंद करू नका. लघवीनंतर तिथे थोडं पाणी घ्या, टिपून कोरडं करा, आणि त्रास झाला तर गोळी देणाऱ्या डॉक्टरला सांगा. "साखरेच्या डॉक्टरला हे कसं सांगू?" असं मला विचारणारे भेटतात. त्यालाच तर सांगायचं!

एक प्रकार असा, की ज्यानं संसार मोडायची वेळ येते. लिंगाच्या टोकावर अचानक जांभळट काळा गोल डाग, कधी फोड, कधी कातडी सोललेली. माणूस गर्भगळीत. बायको संशयानं बघते. मी विचारतो, "परवा जुलाबाची किंवा अंगदुखीची गोळी घेतली होती का?" घेतलेली असते. काही प्रतिजैविकांची, काही वेदनाशामकांची ही ठरलेली प्रतिक्रिया. दर वेळी तीच गोळी, दर वेळी तोच डाग, त्याच जागी. गोळीचं नाव कागदावर लिहून खिशात ठेवायचं, आयुष्यात पुन्हा घ्यायची नाही. बायकोला मी आत बोलावतो आणि तिच्यासमोरच हे सांगतो.

आयांसाठी आणि आज्यांसाठी थोडं. बाळाला न्हाऊ घालताना मुलग्याच्या लिंगाची कातडी रोज मागे ओढायची पद्धत आपल्याकडे आहे. न्हाऊ घालणारी बाई हौसेनं करते. करू देऊ नका. जन्मतः ती कातडी आत चिकटलेलीच असते. डग्लस गेर्डनर या ब्रिटिश डॉक्टरांनी १९४९ मध्येच दाखवून दिलं की ती वयाबरोबर आपोआप सुटत जाते. ओढली तर चिरते, चीर भरताना व्रण होतो, आणि मग ती खरोखरच अडकते. बाहेरून पाणी घाला, बस्स. लघवी करताना टोक फुग्यासारखं फुगत असेल, बाळ रडत असेल, तर डॉक्टर.

इतका वेळ मी माणसानं काय करावं ते सांगतोय. पण माझी स्वतःच्या पेशाबद्दल एक तक्रार आहे. स्वच्छतेवर भाषण ठोकणं आम्हाला फार सोपं जातं. ज्याच्या नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, ज्याच्या कारखान्यात हात धुवायला धड जागा नाही, त्याला 'कामावरून आल्या आल्या अंघोळ करा' सांगताना जीभ अडखळायला हवी.

कामाच्या जागेमुळे या अवयवांना होणाऱ्या आजारांना जुना इतिहास आहे. १७७५ साली लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शल्यचिकित्सकानं लिहिलं की धुराडी साफ करणाऱ्यांना वृषणाच्या कातडीचा कर्करोग होतो, कारण लहानपणापासून धुराड्यांत चढताना काजळी तिथल्या वळ्यांत बसून राहते. एखाद्या धंद्यामुळे कर्करोग होतो हे जगाला पहिल्यांदा असं कळलं. पॉटनं आणखी एक नोंदवलंय, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ती जखम रोगीही आणि डॉक्टरही गुप्तरोग समजत, आणि पारा देत बसत. बदफैलीचा शिक्का आधी, तपासणी मागाहून. अडीचशे वर्षांनी माझ्या खोलीत काय वेगळं चालतं?

पुढची गोष्ट तर गिरण्यांचीच. १८७७ साली आपली जुनी गिरणी सुरू झाली, तेव्हा सूत काढण्यात मँचेस्टरचा भाग जगात पुढे होता. तिथल्या म्यूल नावाच्या सूतकताई यंत्रांच्या चात्यांना खनिज तेल लागे. ते उडून कामगारांच्या पँटींवर पुढच्या बाजूला मुरत राही, वर्षानुवर्षं. १९२२ साली मँचेस्टरच्या डॉक्टरांनी नोंदवलं, या कामगारांना तोच, वृषणाच्या कातडीचा कर्करोग. तेल कोणतं वापरायचं आणि कामगारांना ठरावीक मुदतीनं तपासायचं, असे नियम व्हायला १९५३ उजाडलं. म्हणजे जांघेची स्वच्छता ही कामगाराची खासगी बाब नव्हती, मालकाची जबाबदारी होती, हे मान्य व्हायला ३१ वर्षं. आपल्या कारखानदारांना माझी विनंती लहानशी आहे. शेडच्या कोपऱ्यात एक नळ, आडोसा, आणि पाळी संपल्यावर कपडे बदलायला दहा मिनिटं. दोन तांबे पाण्यात काम होतं.

आता लाजेचं मोजमाप सांगतो, आणि तेही आपल्याच जिल्ह्यातलं. बार्शीला नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आहे. १९८७ मध्ये तिथे बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांसाठी कर्करोगाची नोंदणी सुरू झाली. ग्रामीण भागातली देशातली पहिली. डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. बी. एम. नेने यांच्यासारख्यांनी ती उभी केली. शहरात रुग्ण दवाखान्यात येतो आणि नोंद होते. खेड्यात तो येतच नव्हता. म्हणून नोंदणीची माणसं गावोगाव गेली, पारावर बसली, कुणाला गाठ आहे, कुणाची जखम भरत नाही, हे विचारत राहिली. लिंगाचा कर्करोग आपल्या देशात शहरापेक्षा खेड्यात अधिक, हे अशाच नोंदींतून पुढे आलं. त्याची कारणं ठाऊक आहेत: कातडी मागे न जाणं, त्यामुळे आत स्वच्छता न होणं, तंबाखू, आणि एचपीव्ही नावाचा विषाणू. हाच विषाणू बायकांना गर्भाशयमुखाचा कर्करोग देतो. धाराशिव जिल्ह्यात याच बार्शीकरांनी टाटा रुग्णालयाबरोबर हजारो बायकांची तपासणी केली. २००९ मध्ये निष्कर्ष आला: विषाणूची एकच तपासणी केलेल्या गटात त्या कर्करोगाचे मृत्यू निम्म्यावर आले. खेड्यातल्या बायका, तिशी ते साठीच्या, तपासायला आल्या. त्यांना लाज नव्हती? आपल्यापेक्षा जास्त होती!

लिंगावरची जखम, चामखिळीसारखी वाढ, कातडीखालून येणारा दुर्गंधी स्राव, यातलं काहीही तीन आठवड्यांत बरं झालं नाही तर दाखवायचं. दुखत नाही म्हणून थांबायचं नाही. सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. लवकर आलेल्याचा अवयव बहुतेक वेळा वाचतो. उशिरा आलेल्याचा कापावा लागतो.

यावर बोलायची सोय मराठीत नव्हती असंही नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, वाचकांच्या खासगी शंकांना छापील उत्तरं दिली. त्या उत्तरांबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूनं उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. त्यांनी पुढच्या अंकाची तयारी केली.

कुठे जायचं, हे सांगून थांबतो. वैद्यकीय महाविद्यालयांच्या आणि जिल्हा रुग्णालयांच्या ओपीडीत 'सुरक्षा क्लिनिक' असतं. फी नाही, बोलायला समुपदेशक असतो, नाव बाहेर जात नाही. पाटी बघून घाबरू नका. तिथे गेलेला प्रत्येकजण गुप्तरोगी नसतो, आणि असला तरी त्यावर गोळ्या आहेत. जाताना वापरलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्या, रिकाम्यासुद्धा. तीन दिवस आधी काही लावू नका, म्हणजे डॉक्टरला खरी कातडी दिसेल. आणि डॉक्टरनं अंगावरचे कपडे काढायला न सांगताच चिठ्ठी लिहायला घेतली, तर त्याला तुम्हीच सांगा, "साहेब, आधी बघा तरी."